व्रोत्सवाफ ते डब्लिन: फक्त अडीच तास

२ मे
आज संत झिग्मुंटचा दिवस, म्हणजे माझा नामदिन. नामदिनाला बोलावणं करत नाहीत. ज्याला माया असते तो येतो. शेजारी आले, मेव्हणी आली. माझी मुलगी यागोदा नाही आली. डब्लिन इथून सोळाशे किलोमीटर, विमानाने अडीच तास. मेव्हणीला खेड्यातून बसने तीन लागतात. म्हणजे पोटची पोर मेव्हणीपेक्षा जवळ. इरेना म्हणते, अहो, तिला तीन महिन्यांचं बाळ आहे! बायकोने मला अंतर शिकवू नये. एकतीस वर्षं स्टेशनच्या चौकशी खिडकीत काढलीत.

३ मे
यागोदाचा फोन. तेरा जूनला बाळाचा बाप्तिस्मा, बाबा, यायचं म्हणजे यायचंच. नाव ऑशीन म्हणे. जावई आयरिश, दुसरं काय होणार! भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. वर्षभरात ऑशीन नावाचा एकही संत नाही. मग पोराचा नामदिन करायचा कधी? माझी अट: कॅलेंडरातलं नाव ठेवा, मग येतो.

१९ मे
इरेनाने न विचारता दोन तिकिटं काढली. ठीक. अडीच तास म्हणजे एक डुलकी. अट तिथे समोरासमोर घालीन. आजपासून रोज पाच इंग्रजी शब्द पाठ.

२७ मे
शब्द: शून्य. टोमॅटोची रोपं लावली. आता पाणी कोण घालणार? शेजारचा काझिक म्हणाला, मी घालतो की! त्याला टोमॅटोतलं काय कळतंय, डोंबल.

९ जून
गुडघा धरलाय. विमानात पाय पसरता येत नाहीत. भीती अजिबात नाही. इरेना म्हणाली, गुडघ्यावर कशाला ढकलता, घाबरलोय म्हणा की सरळ. दिवसभर अबोला धरला.

१२ जून
पहाटे पाचला टॅक्सी. बूट घातले. काढले. इरेनाला म्हटलं, तू हो पुढे, नाव बदललं की कळव. ती बॅग उचलून एकटीच टॅक्सीत बसली. साडेनऊला फोन: पोचले. विमान अडीच तासांतच उतरलं. माझा आकडा बरोबर निघाला.

१४ जून
इरेनाचा फोन. बाळाचं दुसरं नाव झिग्मुंट ठेवायचं होतं. यागोदाने हे तीन महिने गुपित ठेवलं होतं, चर्चमध्ये माझ्यासमोर सांगायचं म्हणून. व्याही मार्टिन तिकडच्या एका लांबच्या बेटावरून आला. बोट, मग दोन बस, सात तास. त्याच्याही गुडघ्याला पट्टा. फादरनी दुसरं नाव विचारलं तेव्हा यागोदा दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, मार्टिन.
कॅलेंडर पाहिलं. मार्टिन आहे. अकरा नोव्हेंबर, आमचा स्वातंत्र्यदिनही तोच, सगळ्या देशाला सुट्टी. माझी अट पुरी झाली.
फोन ठेवून खूप रडलो. गुडघा आज दुखला नाही.
वही चाळताना मे महिन्याचं पान लागलं. ज्याला माया असते तो येतो. अक्षर माझंच.