कातळवाट दाखवायला गेलतो, त्याची हकिगत

तीर्थरूप आक्काच्या पायांवर केरबाचं डोकं (ते सध्या ठिकाणावर न्हाय, पण वाकवायला हरकत नाही).

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला बसला का? तुमच्या नेसरीकडं ऊस गेला का अजून फडातच उभा आहे? हे मी मनापासून विचारतोय, पण उत्तर सवडीनं दे, आधी माझं ऐकून घे. फोन का केला नाहीस म्हणशील, तर फोन डोहात आहे. आणि हे पत्र सूनबाईकडून वाचून घेऊ नको, चष्मा लावून स्वतः वाच. भावाची अब्रू आहे ती, घरभर मोठ्यानं वाचायची गोष्ट न्हाय.

तू आमच्या निशिगंधासाठी कोल्हापूरचं स्थळ आणलंस, त्या धैर्यशीलचे वडील विजयसिंहराव परवाच्या आधीच्या रविवारी पोरगी बघायला आमच्याकडं येऊन गेले. सगळं जमत आलं होतं. आजवर प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी निशी या वेळी दोनदा पोहे घेऊन बाहेर आली (एकदा पोहे नव्हते तरीही). त्यामुळं हे लग्न मोडलं तर ते माझ्यामुळंच मोडणार, एवढं मला स्वच्छ कळतंय. बाकी काय झालं, कसं झालं, ते मात्र मला अजून नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल म्हणून लिहायला बसलोय.

मूळ चूक पाहण्याच्या कार्यक्रमात झाली. विजयसिंहराव रिटायर हेडमास्तर, माणूस देवासारखा, पण एक खोड आहे. रविवार उजाडला की कुठल्यातरी घळीत उतरायचं, नाहीतर जुन्या वाटा हुडकत हिंडायचं. लोक पत्रिका बघतात, हा गृहस्थ पाय बघतो. बशी हातात धरून ते म्हणाले, तुमच्या गावाखालून कोकणात उतरणारी जुनी कातळवाट आहे म्हणे, दगड फोडून केलेली, लमाणांचे बैल जायचे ती? आता आक्का, मी अठ्ठावीस वर्षं दूध संस्थेचा सेक्रेटरी. घर ते संस्था आणि संस्था ते घर, ही माझी वाट. कातळवाट मी फक्त आज्याच्या तोंडून ऐकलेली. पण व्याही होऊ घातलेला माणूस विचारतोय म्हटल्यावर माझ्या तोंडातून निघून गेलं, आहे की! डोळे झाकून नेतो! निशीच्या आईनं कोपरानं ढोसलं, तोवर ते पुढच्या रविवारचं ठरवून मोकळे.

मग मी आठवडाभर गावात चौकशी केली. आपल्याकडचा माणूस जीव देईल, पण वाट विचारल्यावर ठाऊक न्हाय म्हणणार न्हाय. एकानं ओढ्याच्या डावीकडनं सांगितली, दुसऱ्यानं उजवीकडनं. तिसऱ्यानं आधी सगळी वाट सांगितली आणि मग विचारलं, कंची वाट म्हणालासा? निशी म्हणाली, आबा, मी येते बरोबर, मी दाखवते. मी तिच्यावर असा खेकसलो की विचारू नको. होणाऱ्या सासऱ्याच्या पुढं पोरीनं वाट दाखवत चालायचं? गावानं काय म्हणायचं? (तुला ठाऊक कशी, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.)

तर रविवारी सकाळी विजयसिंहराव आले ते घोट्यापर्यंतचे बूट, दोन हातांत दोन काठ्या आणि खिशात वही घेऊन. मी नवं करकरणारं पायताण घातलं होतं, छाप पडावी म्हणून. गावाबाहेर पडलो, डावीउजवीच्या भांडणात मी मधला मार्ग काढला आणि थेट ओढ्यातच उतरलो. हळूहळू दोन्ही अंगाला कातळ चढत गेला, वर आभाळाची नुसती पट्टी उरली. जो सपाट दगड दिसेल त्याला मी "ही बघा वाट" म्हणत होतो. शेवटी दोन पुरुष उंचीचा कडा आडवा आला. त्यांनी शांतपणे विचारलं, मग बैल इथून कसे उतरायचे? मी म्हटलं, त्या काळचे बैल वेगळे होते. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आक्का, त्या वहीनं माझा जीव खाल्ला. काय लिहितात, कशाला लिहितात, काही पत्ता लागेना.

तो कडा आम्ही बसून, घसरून, देवाचं नाव घेऊन उतरलो. वर परत चढणं शक्य नव्हतं हे उतरल्यावर कळलं. एक पायताण वरच राहिलं, फोन खालच्या डोहात गेला आणि त्यांच्या फोनला रेंज न्हाय. भाकरी-खर्डा खाल्ला, पाणी संपवलं, इकडं-तिकडं तासन्‌तास हिंडलो. तीन वाजले असतील, एवढ्यात झुडपातनं एक म्हैस निघाली. माझ्या जिवात जीव आला. मी त्यांना ठासून सांगितलं, आता काळजी सोडा. धारेची वेळ झाली, की म्हैस बरोबर घर गाठते. तिच्या मागं चला, चहालाच पोचतो. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे म्हटलं.

आम्ही तिच्या मागं निघालो. ती करवंदीच्या जाळीतनं गेली, आम्ही गेलो. ती वळून परत आली, आम्हीही आलो. असं पाऊण तास झाल्यावर ती दुसऱ्या एका डोहात शिरली, गळ्यापर्यंत बसली आणि तिनं डोळे मिटले. आम्ही काठावर बसलो. चार वाजले, पाच वाजले, म्हैस काही हलेना. मग विजयसिंहराव अगदी हळू आवाजात म्हणाले, "केरबाराव, ही म्हैस दुभती आहे ना?" आक्का, मी तिला सबंध वेळ मागनं बघत होतो आणि एकदाही कास बघितली नव्हती. भाकड होती गं ती! भाकडीला कसली धार आणि कसली घरची ओढ! दूध संस्थेचा सेक्रेटरी भाकड म्हशीमागं पाऊण तास पाहुणा घेऊन हिंडला. ही गोष्ट संस्थेत कळली, तर दूध घालायला येणाऱ्या बायका मला रोज काय काय विचारतील, कल्पना कर. त्यांनी वही काढली तेव्हा मी दुसरीकडं बघितलं.

तेवढ्यात वरनं हाका आल्या. म्हशीची मालकीण बाळाबाई आणि तिच्या पुढं आमची निशी. बाळाबाईनं आधी म्हशीला नीट न्याहाळलं, मग आम्हाला, आणि म्हणाली, "सेक्रेटरी, पावण्यास्नी म्हशीसंगं कशाला बसिवलंयसा?" निशीनं पाण्याची बाटली दिली आणि डोहामागची जाळी बाजूला केली. आम्ही बसलो होतो तिथनं तीस पावलांवर ती कातळवाट होती!

काय सांगू तुला. लादलेला बैल सहज जाईल एवढी रुंद, खूर घसरू नये म्हणून दगडाला आडव्या खाचा, वळणावर भिंतीत कोरलेलं पाण्याचं टाकं. आज्या सांगायचा ते सगळं खरं होतं, आणि मी पन्नाशी उलटेपर्यंत बघायला आलो न्हाय, याची मला तिथं फार लाज वाटली. पुढं निशी, मागं विजयसिंहराव, शेवटी एका पायताणाचा मी. ती सांगत होती, इथं बैलांची ओझी घासून दगड गुळगुळीत झालाय, हे टाकं आम्ही गाळ काढून साफ केलं. (आम्ही म्हणजे कोण, हा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नाही, पायात काटा होता.) हेडमास्तर तर विद्यार्थ्यासारखे माना डोलवत होते. घरी आल्यावर चहा घेतला, हात जोडले, आणि निघताना म्हणाले, कळवतो.

कळवतो! आपल्याकडं कळवतो म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. तेव्हापासून घास गोड लागत नाही. निशी मात्र गुणगुणत हिंडतीया. पोरीला बसलेल्या धक्क्यामुळं असेल.

तुझा धाकटा भाऊ,
केरबा

ता. क. : पत्राचं खरं कारण हे की, तू गुडघ्यांना तेल चोळून एकदा कोल्हापूरला जाऊन ये. त्यांना सांग, पोरगी आईवर गेलीय, बापावर नाही. म्हशीचा विषय निघाला तर माझी नजर अधू झालीय म्हण.

ता. क. दुसरा : जाऊ नको. पाकीट चिकटवणार तेवढ्यात निशी चहा घेऊन आली आणि म्हणाली, आबा, पत्र राहू दे. होकार कालच माझ्या फोनवर आलाय, त्यांना फक्त घरी विचारून तारीख कळवायची होती. पुढं तिनं सांगितलं ते असं. धैर्यशील आणि ती दोन वर्षं एकाच गटातनं या वाटा हिंडतायत. टाकं साफ करणारे "आम्ही" म्हणजे ते. गारगोटीला कॉम्प्युटर क्लास आहे म्हणून ती दर रविवारी जायची, तो क्लास म्हणजे हाच. आणि त्याचं नाव तिनंच तुझ्या कानात घातलं, मग तू ते स्थळ म्हणून माझ्यापुढं आणलंस! म्हणजे आक्का, तुला सगळं ठाऊक होतं आणि मी इथं चार पानं भरली.

ता. क. तिसरा : तरीही पत्र धाडतोय. लग्नात मी चारचौघांत म्हणेन, की मुलाकडच्या माणसांची पारख मी घळीत उतरून केली. तेव्हा तू हसायचं नाही.

आणि एक. मी निशीला रागानंच विचारलं, आत्याला सांगितलंस, मला का नाही? मी काय नाही म्हटलं असतं? तिनं कप तेवढा माझ्यापुढं सरकवला. म्हटलं असतं, आक्का. नाहीच म्हटलं असतं.