सरकीला लावायची राख

माय, आज सकाळी पिंजारी दाराशी आला होता आणि त्याला परत पाठवताना तुझी आठवण झाली. या दोन घटनांमधला कार्यकारणभाव यथावकाश सिद्ध करीन. शाळेत संस्कृत शिकवता शिकवता मला सिद्ध करण्याचे व्यसन जडले आहे. तू म्हणायचीस, "तुह्या एका शब्दात चार जणं जेवतीन, येवढा लांब रायते तो." हे पत्रही त्याच मापाने वाच.

आठवते ती चैत्रातली दुपार आहे. तू गाडग्यात तुरीवर राख आणि राखेवर तूर असे थर देत बसली आहेस, कीड लागू नये म्हणून. हात न थांबवता तू आपला अंत्येष्टिविषयक सिद्धान्त मांडतेस. "मी मेली का हाडं न्या पद्मतीर्थात, लोकाईच्या समाधानाले. राख मातर ठेवजो. सरकीले चोळजो अन् आपल्या वावरात पेरजो." आणि गंगेचे काय, असे मी विचारतो, गंगा म्हणजे आपली गोदावरी. तू म्हणतेस, "गंगेनं मले कवा पाह्यलं? वावर वळखते मले." सरकीचे दाणे एकमेकांना धरून बसतात, म्हणून शेणकाला आणि राख लावून ते सुटे करायचे, मगच ते पेरताना सरत्याच्या नळीतून एकेक पडतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्या कामावर स्वतःची नेमणूक करून घेणारी तूच पहिली असावीस.

'आपले वावर' ही संज्ञा मात्र विवाद्य होती. बाबा गेल्यापासून तुझ्या आणि मोठेबाबांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, वर्षानुवर्षे तुझ्या बाजूला सरकत आला, हा तुझा पूर्वपक्ष. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बोलायचे नाही ही कुलमर्यादा तू आजन्म पाळलीस, म्हणजे पदर पुढे ओढून बैलाशी बोललीस. "काहून रे ढवळ्या, धुऱ्याले यंदा पाय फुटले वाटते?" पलीकडून मोठेबाबा आपल्या बैलाला समजावत, "धुरा नाही सरकत बाप्पा, लोकाइची नजर सरकते." वृषभद्वयाच्या मध्यस्थीने चाललेला हा वाद कोणत्याच न्यायपीठापुढे गेला नाही, कारण साक्षीदार चारा खात उभे राहत.

त्याच वर्षी वैशाखात तू गेलीस. अस्थी पद्मतीर्थात सोडल्या. तिथे त्या विरघळतात अशी ख्याती आहे, आणि तुझ्या बाबतीत तरी तीर्थाने हुज्जत घातली नाही. राखेचा विषय मी भाऊकीपुढे काढला. पंचमहाभूते, पृथ्वीतत्त्व, अन्नाची उत्पत्ती, सर्व यथासांग मांडले. मोठेबाबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे समदं खरं असन. पण घरची बाई सरकीले चोळत नसतेत. मिरुगाच्या आंदी गंगेवर नेऊन सोड." मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ते स्वतः तुझ्या राखेचे गाडगे उचलून नेतील या भयाने मी ते दोन्ही घरांच्या सामाईक गोठ्यात, तुरीच्या राखेच्या गाडग्यांच्या रांगेत नेऊन ठेवले आणि खूण म्हणून तोंडावर तुळशीची काडी आडवी घातली. राख राखेत लपवणाऱ्या माझ्या बुद्धीचे मला फार कौतुक वाटले होते.

पेरणीच्या सकाळी मी गोठ्यात गेलो तेव्हा गाडगे पालथे होते आणि काडी खाली पडली होती. मोठ्या आईने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, हात धुता धुता सांगितले, "मीच नेली बा राख. आमच्या सरकीले कमी पडली होती. काडी होती वर, मले वाटलं पोराइनं खेळात ठेवली." मी धावत वावरात पोहोचलो, तोवर धुऱ्यापलीकडची पेरणी आटोपत आली होती. तू आपल्या वावरात नव्हतीस. ज्याच्याशी आयुष्यभर बोलली नाहीस त्याच्या तासांत, पेरणीच्या ओळींत, एकेक दाण्याला चिकटून, सुटी सुटी पडली होतीस.

मोठेबाबांना मी सांगितले. त्या वेळी एकही समास सुचला नाही. त्यांनी तिफण थांबवली, डोक्याचे फडके सोडले आणि धुऱ्यावर बसले. मला वाटले, आता माझ्यावर येणार. पण ते तासाकडे पाहत राहिले, आणि बैल शेजारीच उभा असताना त्याला मध्ये न घेता म्हणाले, "बाई, आता सरळ बोल. काय बोलाचं ते."

तू काही बोलली नाहीस, हे नमूद करणे आवश्यक आहे. त्यांनी वाट मात्र बरीच पाहिली.

वेचणीच्या दिवसांत ते कापसाचे गाठोडे खांद्यावर घेऊन आले आणि ओट्यावर ठेवले. "धुऱ्यालगतच्या तासाइचा हाय. तुह्या मायचा वाटा." पाणीसुद्धा न पिता गेले. धुरा त्यानंतर कुठेही सरकला नाही; मागेही नाही, हे मी तुझ्या वतीने लक्षात ठेवले आहे.

त्या कापसाची मी एक उशी करून घेतली. ती आता दगडासारखी झाली आहे. तुझी सून म्हणते, "मान आखडते तुमची, अन् पिंजाऱ्याले काहून वापस धाडता?" आज मी तिला प्राचीनांनी कठीण शय्येचा महिमा कसा गायला आहे ते सविस्तर सांगितले. कोणी कुठे गायला आहे, ते तिने विचारले नाही.

हे पत्र कुठे टाकावे हा प्रश्नच आहे, कारण तुझा पत्ता एक तीर्थ, एक परक्याचे वावर आणि एक उशी असा त्रिधा विभक्त आहे. म्हणून ते इथेच राहील. आणि पिंजाऱ्याला परत पाठवण्याचे खरे कारण एवढेच, की पिंजताना कापूस उडतो, माय, आणि जे उडेल ते अंगणाबाहेर जाईल. मान आखडलेली चालते मला.