पळाले आणि सेव्ह झालं

सूनबाई,

जेवण झाकून ठेवलंय. आधी जेव, मग हे वाच.

तुझा तो सिनेमावरचा गोळीबाराचा गेम मी खेळते. तू कामावर गेलीस की रोज. पाहुण्यांसमोर ज्याला मी 'रिकामटेकडे उद्योग' म्हणाले, तोच.

खोटं कशाला बोलू, मजा येते. गोळी झाडली की कंट्रोलर हातात असा थरथरतो, की गुडघेदुखी विसरायला होतं. पण तो नायक सदानकदा पाठमोरा. भिंतीशी गेला की पडद्यावर नुसती त्याची पाठच दिसते, शत्रू कुठून आला कळत नाही. आणि मेल्या गेमला सेव्ह करायला जागा एकच. जुनं पुसून त्यावरच नवं बसतं, म्हणून मी रोज नव्याने सुरू करून आपोआप सेव्ह व्हायच्या आत बंद करायचे.

आज चुकून तुझा अर्धवट डाव उघडला. सिनेमात नायक जखमी दोस्ताला आणायला मागे फिरतो. मी घाबरून पळाले आणि नेमकं तेव्हाच सेव्ह झालं. इतके रविवार तू जपलेला दोस्त गेला गं.

बहिणीकडे जातेय, असं लिहायला बसले होते. पण किती वेळा पळू? मागच्या खोलीत आहे. हाक मार. रागाने मारलीस तरी येईन.

आई