आबांची डबी

राहू, ता. दौंड
३ फेब्रुवारी २०००

ती. झुंबरआक्कास,
सा. न. वि. वि.

आबा सोमवारी गोठ्यात घसरले. खुब्याचं हाड मोडलंय. उद्या दौंडच्या दवाखान्यात ऑपरेशन करून खुब्यात धातूचा बॉल बसवणार. डॉक्टरांनी व्यसन विचारलं तेव्हा हर्षदाचे होणारे सासू-सासरे खाटेशीच उभे होते. मुलगा रांजणगावला कंपनीत कायम झालाय; आपल्या पोरीचं असलं स्थळ अफूपायी घालवू? सांगितलं, आमच्यात कुणी सुपारीसुद्धा खात नाही. आबांची अफूची डबी भीमेत भिरकावली. पायही बरा होईल, सवयही सुटेल. मेंढरं विकून वीस वर्षं झाली, तरी म्हातारा गोळी लावून गुंगतो. लाज वाटते.

दाजींना नमस्कार. माया असू दे.
तुझा हौसराव

इनामगाव, ता. शिरूर
७ फेब्रुवारी

चि. हौसराव यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी हुशारी वाचून दाजी म्हणाले, याला डॉक्टरच करायला हवा होता. अरे, आबा चाळीस वर्षं रोज दोनदा हरभऱ्याएवढी गोळी घेतात. सुजल्या पायांनी कळपामागं चालायला त्यांना त्याच गोळीनं लावलं. ती तू एका दिवसात तोडलीस. एकदा वाटेत डबी हरवली होती, तेव्हा तीन दिवस घोंगडीत कुडकुडत, ओकत पडलेले आबा मी पाहिलेत. आजच डॉक्टरांच्या कानावर घाल. व्याह्यांपुढं जीभ रेटत नसेल तर बाजूला घेऊन सांग, पण सांग.

तुझ्या अब्रूची खुशाली कळव. जमलं तर आबांचीही. आशीर्वाद माझे, अक्कल तुझी तू मिळव.
झुंबरआक्का

राहू
९ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

टोमणे पोचले. ऑपरेशन चांगलं झालं, पण दुसऱ्या दिवसापासून आबा गुरासारखे ओरडतात. घाम, उलट्या, नाक गळतं. दुखण्याच्या इंजेक्शनानं फरक नाही, डॉक्टर चक्रावलेत. मी नर्सबाईंना सांगितलं, म्हातारा पहिल्यापासून नाटकी आहे. काल तळमळत खाटेवरून उतरायला गेले आणि बसवलेला बॉल निसटला. शनिवारी परत भूल, परत ऑपरेशन. आता डॉक्टरांना कुठल्या तोंडानं सांगू? साखरपुडा उरकला की सांगेन. तोवर तू येऊ नकोस, तुझी जीभ थांबत नाही.

राग धरू नकोस.
हौसराव

इनामगाव
२० फेब्रुवारी

चि. हौसराव यास आशीर्वाद, थोडेसेच.

तू नको म्हणालास म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच, शुक्रवारी पहिल्या एस.टी.नं दवाखान्यात आले. तू साखरपुड्याच्या साड्या बघायला गेला होतास. व्याही-विहीण शहाळं घेऊन बसले होते. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना अफूचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, पहिल्या दिवशी कळतं तर सवय धरूनच दुखण्याचं औषध दिलं असतं, अफू मागाहून हळूहळू उतरवली असती. तळमळ झाली नसती, बॉल निसटला नसता. शनिवारचं ऑपरेशन निभावलं, पण आता दोनदा कापलेलं अंग. वॉकर धरून चालले तर नशीब.

आणि विहीणबाई काय म्हणाल्या ते ऐक. त्यांचे मामंजीही मरेपर्यंत घ्यायचे, यात लपवायचं काय?

तुला आठवणार नाही, मला आठवतं. आई मेंढरामागं जाताना तुला त्याच डबीतली मोहरीएवढी चाटवायची, म्हणून तू पाळण्यात गप निजायचास. ती डबी तू नदीत टाकलीस.

नव्या औषधानं आबा आता शांत आहेत. मी तिथं होते तोवर डोळे उघडले की पहिलं विचारायचे, हौशा जेवला का. मी व्हय म्हणायचे. त्यांच्या पोराचा नाटकीपणा त्यांना कशाला सांगू?

लोभ आहे तेवढाच आहे. ज्या दिवशी आबांना वॉकर धरवून स्वतः दारापर्यंत आणशील, त्या दिवशी वाढवीन.
झुंबरआक्का