बासष्ट क्रेडिट नामंजूर झाल्याबद्दल

आन्तोनितो, ९ जुलै

क्लेओफास आत्या,

आधी आशीर्वाद द्या, मग पुढं वाचा. खोकला कसा आहे? जर्दाळू धरलेत का, की मेमधल्या हिमानं तुमच्याकडचाही मोहोर मारला? इकडं सगळं ठीक. तुमच्या जावयानं, एलॉयनं, छपराचं काम काढलंय (म्हणजे शिडी बाहेर काढून ठेवलीय).

तुमच्या पत्रात एकच ओळ होती, "त्या विद्यापीठाचं काय झालं?" तर झालं. ऑगस्टपासून मी जाते आहे, आणि फीसाठी सरकारी मदतही मंजूर झाली. पुढचं वाचताना तुमचं ब्लडप्रेशर वाढू नये म्हणून हे आधीच सांगून टाकलं. पण नुसतं "झालं" लिहून थांबणं मला खोटेपणाचं वाटतं, कारण मदत मिळाली ती माझ्या खटपटीमुळे नव्हे. खटपट वेळेत थांबवली म्हणून मिळाली.

तुम्हाला ठाऊक आहेच, सतरा वर्षं मी तिसरीच्या वर्गात मदतनीस आहे. त्या वर्गाच्या बाई दोन वर्षांनी निवृत्त होतात, आणि पदवी हातात असेल तर वर्ग माझा, असं मुख्याध्यापकांनी तोंडी का होईना सांगितलंय. पदवी विद्यापीठाशिवाय नाही, आणि मदतीशिवाय विद्यापीठ आम्हाला परवडत नाही. माझी सगळी भिस्त कम्युनिटी कॉलेजात एकेक विषय पास करून जमवलेल्या क्रेडिटवर होती. एकोणीस वर्षांत, तीन कॉलेजांत मिळून मी एकशे अठ्ठावीस जमवली. त्यातली निम्मी काहीतरी व्हायचं म्हणून घेतली (दंतवैद्याची मदतनीस, हिशेबनीस, सहा महिने तर घोड्यांना नाल ठोकणारीण) आणि उरलेली हिवाळा फार लांब असतो म्हणून. एलॉय म्हणतो, "इतकं शिकलीस की आता कॉलेजनंच तुझ्याकडून पदवी घ्यावी."

मार्चमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. प्रवेश मिळाला, पण एकशे अठ्ठाविसापैकी सहासष्टच क्रेडिट धरणार. बासष्ट नामंजूर. आत्या, मी तशी भांडखोर नाही, पण त्या यादीपुढं बसून मी रडले. नालबंदी, वेल्डिंग, चांदीकाम, मातीची भांडी, बॅडमिंटन. प्रत्येक नावामागं एकेक हिवाळा होता. चांदीकामाच्या वेळी आई आजारी होती. वर्गात दोन तास तरी मी तिचा विचार करत नसे. ते कुणी "नाही" म्हणून खोडतं म्हणजे काय? त्या दिवशी रोजनिशीत लिहिलं आहे, "हा अहंकार आहे की न्यायाची चाड, तपासून पाहणे." तपासलं नाही. फेरविचाराचा अर्ज केला.

अर्ज म्हणजे एक खोकं होतं. अभ्यासक्रमाची पानं, जुन्या वह्या, मी ठोकलेल्या एका नालेचा फोटो. वेल्डिंगचे सर वारले, म्हणून त्यांच्या मुलीकडून दाखला आणला. तिनं लिहिलं, "बाबा डेल्फिनाबद्दल घरी बोलायचे." (काय बोलायचे, ते तिनं लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.)

जूनच्या शेवटी मदतीच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या लोरेन त्सोसीबाई साठीच्या आसपासच्या, चष्मा कपाळावर आणि आवाज असा की खालच्या पट्टीत बोलल्या तरी समोरचा माणूस गप्प होतो. कागद ठीक आहेत म्हणाल्या. मी उत्साहानं सांगितलं की अजून खूप यायचे आहेत, समितीपुढं माझी उरलेली बासष्ट आहेत, आजच निकाल. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"डेल्फिनाबाई, तुमचं कुणाशी वैर आहे का?"

"नाही."

"मग हे स्वतःला कशाला करताय?"

मग त्यांनी कागदाच्या पाठीवर मांडून दाखवलं. पदवीला लागतात एकशे वीस. मदत मिळते त्याच्या दीडपट होईपर्यंत, म्हणजे एकशे ऐंशी. त्यापुढं पैसा बंद. आणि विद्यापीठानं मान्य केलेलं प्रत्येक जुनं क्रेडिट त्या एकशे ऐंशीत मोजलं जातं. नामंजूर झालेलं मोजलं जात नाही. जुनी कितीही असोत, विद्यापीठाच्या स्वतःच्या वर्गांत मला साठ घ्यावीच लागणार. सहासष्ट नि साठ, काहीच अडचण नाही. एकशे अठ्ठावीस नि साठ, एकशे अठ्ठ्याऐंशी.

"आठ जास्त," मी म्हणाले.

"आठ जास्त. त्या समितीची कचेरी चारला बंद होते. पळा, अर्ज मागे घ्या."

पळण्याआधी मी एक प्रश्न विचारला (एलॉयला हे सांगितलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला). म्हटलं, जे शिकले ते मोजू नका म्हणणं हा खोटेपणा नाही का? त्सोसीबाई म्हणाल्या, "तुम्ही शिकला नाहीत असं कोण म्हणतंय? फक्त मोजत नाहीत. मी तीन पोरं वाढवली, ते कुठं कुणी मोजलं? जा आता."

पलीकडच्या इमारतीत मी खोकं पोटाशी धरून पोचले तेव्हा चार वाजायला वीस मिनिटं होती. खिडकीतले गृहस्थ, प्रेस्टन नावाचे, मला पाहून उभेच राहिले. अभिनंदन म्हणाले. समितीनं पानन् पान वाचलं होतं, असा अर्ज त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि सगळी बासष्ट घ्यायचं ठरलं होतं. सही तेवढी बाकी. मी म्हटलं, नका घेऊ. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अहो बाई, बॅडमिंटनसाठी मी स्वतः भांडलोय."

आता काय सांगणार? मग मी खरं सांगितलं. बॅडमिंटनमधला 'ए' माझा नाहीच. त्या वर्षी घोटा मुरगळला होता, मी बाकावर बसून गुण लिहायची, आणि सरांनी हजेरी पाहून 'ए' दिला. अकरा वर्षं हे मनात सलत होतं. प्रेस्टननी शांतपणे विचारलं, "आणि बाकीची साठ?" बाकीची कष्टाची आहेत, मी म्हटलं, पण मला नकोत. अर्ज मागे घ्यायच्या फॉर्मवर कारणासाठी दोन ओळी होत्या. मी मागच्या बाजूलाही लिहू लागले, तेव्हा त्यांनी फॉर्म काढून घेतला, स्वतःच "विचार बदलला" असं लिहिलं आणि सही करायला लावली. घड्याळात चार वाजायला चार मिनिटं होती. जिन्यावर बसून मी आधी हसले. मग नीट श्वास घेता आला.

मनाला अजून एक गोष्ट लागून आहे. ते सत्य मी अकरा वर्षं दडपलं आणि फायद्याचं होतं त्या दिवशी बोलले. याला प्रामाणिकपणा म्हणावं का, तुम्हीच सांगा. पण परवा मदतीचं पत्र आलं, आणि ते वाचून मी शिडी धरून उभ्या असलेल्या एलॉयला शिडीसकट मिठी मारली, हेही खरं.

बाकी तुम्ही पुढच्या महिन्यात या. हिरवी मिरची भाजायला माणसं लागतील.

तुमची भाची,
डेल्फिना

ता.क. अटी दोन आहेत. घेतलेल्या विषयांपैकी दोनतृतीयांश तरी पास व्हायचं, आणि पदवीच्या यादीबाहेरचा एकही विषय घ्यायचा नाही. त्सोसीबाईंनी दुसरी अट मला मोठ्यानं वाचायला लावली.

ता.क. २. तुमच्या गावच्या कॉलेजात शनिवारी भाकरी भाजायची मातीची भट्टी बांधायचा वर्ग सुरू होतोय, सहा शनिवार. पासष्टीवरच्यांना फी माफ, असं पत्रकात आहे. तुम्ही नाव घालावं अशी विनंती. मातीत पेंढा किती घालतात, घुमटासाठी विटा कुठून आत वळवतात, सगळं टिपून मला पाठवा. चित्रांसह.

ता.क. ३. फॉर्म भरून सोबत ठेवला आहे. सहीच्या जागी पेन्सिलीनं खूण केलीय. "क्रेडिट नको" या चौकटीत मीच आधी बरोबरची खूण करून टाकली आहे.