एका दिवसाचे कासारमामा

अब्बा, घरात मी तुमच्याशी कधी मराठीत बोलले नाही, पण लिहायला बसले की मला दुसरी भाषा सुचत नाही. शाळा मराठी, आता नोकरीही मराठी शाळेत, आणि तुमचा तरी सगळा दिवस मराठीतच जायचा. जुन्या नाशकातल्या त्या हातभर मणियारी दुकानात बायका समोर येऊन बसायच्या, तुम्ही त्यांचा हात हातात घेऊन म्हणायचा, "सैल सोड, माय. बांगडी तुझीच हाय, भांडू नको तिच्याशी." बाई हसायची आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असायची. अम्मी म्हणायची, तुझ्या बापाचं निम्मं काम जिभेनं होतं. ती जीभ माझ्याकडे आली खरी, पण येताना तिखट होऊन आली.

मखमलाबादकडच्या मळ्यातलं ते लग्न गेले चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. त्या घरच्या काकू नवी नवरी म्हणून आल्या तेव्हापासून त्यांना बांगड्या तुम्हीच भरल्या. सणाला येताना त्या मळ्यातली शेवंती ओंजळभर आणायच्या, अम्मीसाठी. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा तिच्या इवल्या मनगटांत काळे मणीही तुम्हीच घातले, आणि काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या, "चाचा, हिचा लग्नाचा चुडा तुमीच भरायचा बरं का." हे वाक्य तुम्ही घरी इतक्यांदा सांगितलंत की आम्ही भावंडं तुमची नक्कल करायचो.

आणि त्या मुलीचं लग्न ठरलं नेमकं मुंबईत स्फोट झाले त्याच वर्षी. मार्चनंतर दुकान ओस पडलं होतं. ज्या यायच्या त्यांचे हात लाकडासारखे ताठ, आणि ताठ हातावर काच टिकत नाही. संध्याकाळी तुम्ही तुकडे गोळा करत एवढंच म्हणायचा, "हाथ कड़क आ रहे आजकल." चहावाला आला, शेजारचा सुतळीवाला आला, की कुणी काही विचारायच्या आधी तुम्हीच बोलून मोकळे, "फार वाईट झालं हो, फार वाईट." मला त्याचा इतका संताप यायचा! एकदा मी म्हटलंच, "तुम्ही का सांगत सुटता? तुम्ही केलंय का?" तुम्ही म्हणालात, "लोग मरे हैं ना? तो बोलना पड़ता." मी विचारलं, मग सुतळीवाला का नाही बोलत तुमच्याआधी? तुम्ही हिरव्या बांगड्यांची एक माळ माझ्यासमोर टाकलीत आणि तडे गेलेल्या वेगळ्या काढायला बसवलंत.

तरी काकू स्वतः दुकानात आल्या आणि बोलावणं करून गेल्या. तुम्ही नवा पायजमा शिवून घेतला. अम्मी तुम्हाला एकट्याला सोडेना, म्हणून कॉलेज बुडवून मी बरोबर आले. मळ्यात मांडव पडला होता, नवऱ्याकडची माणसं निफाडहून आदल्या दिवशीच आली होती. काकूंनी आपल्याला पुढून न नेता कांद्याच्या चाळीमागे नेलं. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "चाचा, तुमी काय त्यातले नाय, मला का ठावं नाय? पन पावणे लय वाईट बोलत्यात. आजच्या दिवस आपन तुमाला कासारमामा म्हनू. मी समद्यांना तसंच सांगितलंय." मग त्यांच्या दिरांनी आपली पांढरी गांधी टोपी काढून तुमच्यापुढे धरली. तुमची जाळीची टोपी काकूंनी हात पुढे करून मागितली, जपून ठेवते म्हणाल्या.

मी म्हटलं, "चला अब्बा, घरी चला." तुम्ही ऐकलंत, पण नजर मांडवाकडे होती. तिथे ती मुलगी हळदीच्या अंगानं पाटावर बसलेली, तुमची वाट बघत. तुम्ही टोपी घेतलीत आणि डोक्यावर ठेवलीत. राग इतका आलेला असूनही सांगते, तुम्हाला ती शोभत होती. पायजमा, सदरा, वर पांढरी टोपी, कुठल्याही मळ्यातला बागाईतदार दिसत होतात. मला वाटलं होतं तुम्ही वेगळे दिसाल. नाही दिसलात, याचंच मला जास्त रडू आलं.

पहिला हात छान भरला गेला. मुलगी हसत होती, तुम्ही तिला चिडवत होतात, बायका गाणं म्हणत होत्या. नवऱ्याकडची एक म्हातारी, मुलाची आजी असावी, कौतुकानं पुढे सरकली. "मामा, हात लय हलका हाय तुमचा. कंच्या गावचे कासार म्हनायचे?" काकू घाईघाईनं म्हणाल्या, "सिन्नरचे." मुलीचा दुसरा हात तुमच्या हातात होता, त्यातली पहिली बांगडी बोटांवर अडकवलेली. तुम्ही वर बघितलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "नाय आजी. मी मणियार. हितलाच, नाशकाचा."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एक पाहुणा पुढे आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "तुमच्याबद्दल काय नाय हो. पन शुभकार्य हाय, समजून घ्या." तुम्ही बोटांवरची बांगडी काढून पाटावर ठेवलीत, टोपी तिच्याशेजारी ठेवलीत आणि उठलात. दुसरा हात मुलीच्या मावशीनं भरायला घेतला, साबणाचं पाणी लावून. आपण चाळीपाशी उभे होतो. आतून काच फुटल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला. प्रत्येक वेळी तुम्ही डोळे मिटलेत.

काकू धावत आल्या. नारळ, शिधा, तुमची जाळीची टोपी, सगळं पदरात. रडत होत्या आणि रागावल्याही होत्या. "समदं जमवून आनलं होतं मी. धाकट्या जावेशी भांडले, नवऱ्याशी भांडले. येक शब्द गिळला असता तर काय झालं असतं, चाचा?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, पहिली बांगडी घालताना मी पोरीसाठी दुआ करतो. खोट्या नावानं केलेली दुआ तिला लागंल का?" त्यांना ते पटलं नाही. मलाही धड पटलं नव्हतं. बसमध्ये मी विचारलं, मग पहिल्या हाताचं काय? "तब लगा, हो जाएगा," म्हणालात. एवढंच. काकू पुन्हा दुकानात आल्या नाहीत. रागावल्या की लाजल्या, हे तुम्हाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, अब्बा. या आठवड्यात मुंबईत पुन्हा स्फोट झाले, या वेळी रेल्वेत. माणसं कामावरून घरी निघाली होती. काल मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तेच बोलणं सुरू झालं. आमचे गणिताचे सर, माणूस वाईट नाही, मी बाळंतपणाच्या रजेवर होते तेव्हा माझे तास त्यांनीच घेतले. ते म्हणाले, "या लोकांना कितीही जवळ करा, शेवटी जातीवर जाणार." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते कानाच्या पाळीला हात लावून म्हणाले, "मॅडम, तुमच्याबद्दल नाही हं. तुम्ही त्यातल्या नाहीच."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझी तिखट जीभ तोंडात होतीच की. विचारता आलं असतं, मग त्यातले कोण, सर? सांगता आलं असतं, की त्यातलीच आहे मी, आणि मेलेल्यांसाठी स्फोटांच्या रात्री घरी जेवण गेलं नाही कुणाला. मी हसले आणि डबा उघडला. सरांनी मला त्यांच्या डब्यातली लोणच्याची फोड दिली.

हे पत्र पाठवायचं कुठे, म्हणून राहणार आहे टेबलाच्या खणातच. तर खरं तेवढं लिहून टाकते. मी गप्प बसले ते घाबरून नाही. ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं होतं. ‘त्यातले’ म्हणून जे कोण उरले त्यांत अम्मी होती, भाऊ होता, आणि तुम्ही होतात. तुम्हाला तिथे सोडून मी एकटी बाहेर आले, आणि मला बरं वाटलं, अब्बा.