जिलेबी मागणारा हात

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

नांदेड,
१० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुद्राणी हीस बसवंतअण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

माझा फोन तू परत मध्येच ठेवलास, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवता येत नाही, आणि ठेवलंच तर ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतं. माझा आवाज मोठा आहे, मान्य. ज्याची सगळी नोकरी नांदेड स्टेशनवर गाड्या पुकारण्यात गेली, त्याचा आवाज आणखी कसा असणार? पण तू अंजूला सांगितलंस म्हणे, की अण्णा बोलायला लागला की सलाईनची बाटली हलते. सुनेपुढे सासऱ्याची ही अब्रू!

असो. शेवटची किमो झाली. रुद्रे, शत्रूचा कणा मोडला! सकाळी नदीच्या घाटावर फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींना मी सांगून ठेवलंय, की माझी बहीण रणांगणातून एक पाऊल मागं सरकली नाही. टाळ्या पडल्या. नव्याने यायला लागलेल्या एका गृहस्थाने विचारलं की ताईंचं पोस्टिंग कोणत्या सीमेवर आहे. त्याला लातूर, गंजगोलाई, भांड्यांचं दुकान असं समजावून सांगेपर्यंत माझा चहा गार झाला.

आता येळवस, म्हणजे आपली वेळा अमावस्या, तोंडावर आली. यंदा तुमच्या औसा रोडच्या शेतात, भज्जी-आंबिलीच्या जेवणाआधी, तुझा विजयसोहळा करायचा. फेटा, हलगी, शाल आणि कडब्याच्या कोपीच्या तोंडाशी एक दणदणीत फ्लेक्स. सूत्रसंचालन कोण करणार हे सांगायला नकोच. तू फक्त उभी राहा.

घाबरायचं नाही. आपल्या घराण्यात ते नाही. जावईबापूंना नमस्कार सांग. औषध, जेवण आणि हिंमत वेळेवर घेत जा.

तुझा,
बसवंतअण्णा


लातूर,
१६ नोव्हेंबर

ती. बसवंतअण्णा यांस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. लिफाफा उघडताच घरात हलगी वाजल्यासारखं झालं. आमचे हे म्हणाले, हा माणूस कागदावरसुद्धा ओरडतो.

इकडे सगळं ठीक. डोक्यावर एक केस नाही. परवा दुकानात जाऊन बसले, तर ह्यांनी गिऱ्हाइकासमोर सांगितलं की यंदा घरातला माल दुकानातल्या पातेल्यांपेक्षा जास्त चकाकतोय. गिऱ्हाईक बिचारं लाजलं. मी इतकी हसले की ऑपरेशनची जागा दुखली. डोक्याला ऊन लागतं, म्हणून ओढणी बांधते, आणि ओढणी बांधली की शेजारच्या शिवकांताकाकू म्हणतात, अगदी रणरागिणी दिसतेस. काकू रोज येतात. माझ्यासाठी केलेला शिरा खातात आणि मला सांगतात की त्याला आतून ठोक, सोडू नकोस. कोणाला ठोकू रे अण्णा? माझंच अंग आहे ते.

खरं सांगू? मी लढत नाही. मी खुर्चीत पडते, नर्स सुई लावते, औषध आपलं आपण उतरतं आणि मी झोपते. घोरते म्हणे. मागच्या वेळी शेजारच्या पेशंटच्या नवऱ्याने नर्सकडे तक्रार केली. असला घोरणारा शिपाई कोणत्या फौजेत चालेल? घरी आले की बादली धरून बसते, आणि बादली धरण्यात काही शौर्य नसतं. रडू आलं तर मोरीत जाऊन नळ सोडते, कारण बाहेर सगळे जण माझ्या हिमतीचं कौतुक करत बसलेले असतात. त्यांचा हिरमोड कोण करणार?

एक तारखेला स्कॅन आहे. तोवर सोहळा वगैरे डोक्यातून काढ. येळवसला ये, पोटभर जेव, पण फ्लेक्स नको. नको म्हणजे नको.

लोभ आहेच, तो वाढवताना आवाज तेवढा कमी ठेवावा.

तुझी,
रुद्राणी


नांदेड,
२३ नोव्हेंबर

चि. सौ. रुद्राणी हीस अनेक आशीर्वाद.

फ्लेक्स छापायला टाकला.

रागावू नकोस, आधी ऐक. फोटोचा मोठा प्रश्न होता. तुझ्या एकाही फोटोत तू सरळ बघत नाहीस. शेवटी आमच्या शिवांशच्या आणि अंजूच्या लग्नातला सापडला. पंगतीत बसून तू वाढप्याला जिलेबीसाठी हाक मारते आहेस, उजवा हात उंच, डोळ्यांत आग. छापखान्यातल्या कलाकाराने त्या हातात तलवार दिली आणि पंगतीतून उचलून तुला घोड्यावर बसवलं. जिलेबीसाठी इतका त्वेष मी आजवर पाहिलेला नाही. खाली मजकूर असा: ‘कर्करोगाला धूळ चारणारी मराठवाड्याची वाघीण’. तलवार आणि घोडा असताना वाघीण कशी, असं अंजूने विचारलं. प्राध्यापक माणसं शंका फार काढतात.

स्कॅनची फिकीर करू नकोस. ती नुसती विजयाची पावती. गाठ गेली म्हणजे गेली. हलगीवाला सांगून ठेवलाय, फेटा केशरी घेतलाय, तुझ्या डोक्यावरून घसरू नये म्हणून आतून पिना लावायची सोय केली आहे.

मोरीत नळ सोडून रडण्याचं वाचलं. तसलं मनात आणू नये. शत्रूला कळतं.

तुझ्या विजयाची वाट बघणारा,
बसवंतअण्णा


लातूर,
५ डिसेंबर

ती. अण्णास शि. सा. न. वि. वि.

पिना कुठे लावणार आहेस? टकलात? तुझी ती सोय वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि मग मी हे पत्र लिहायला बसले. चार दिवस टाळत होते.

स्कॅनमध्ये पाठीच्या मणक्यात एक ठिपका निघालाय. त्याच आजाराचा. डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं. म्हणाले की हा आता पुरता जाईल असं सांगत नाही, पण गोळ्या आहेत, चांगल्या आहेत, बरीच माणसं त्यांच्यावर वर्षानुवर्षं काढतात. किती, ते कोणालाच ठाऊक नसतं. मी विचारलं, म्हणजे मी हरले का? डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, बाई, हे कुठून काढलंत?

कुठून काढलं ते तुला माहीत आहे. रिपोर्ट हातात आला तेव्हा आधी मरणाची भीती नाही वाटली रे. आधी वाटलं, आता अण्णाला काय सांगू? त्याने फेटा आणलाय.

अण्णा, कमलवहिनी गेली तेव्हा पेपरात तू छापलंस की कर्करोगाशी तिची झुंज अपयशी ठरली. दर वर्षी तिच्या दिवसाला तेच छापून येतं. मला दर वर्षी ते वाचून राग येतो. वहिनी कशात अपयशी ठरली? शेवटच्या आठवड्यात सलाईन लावलेल्या हाताने तिने मला शेंगापोळीत गूळ किती घालायचा ते दाखवलं. तुझ्या घोषणांची नक्कल करून तिने सगळा वॉर्ड हसवला. ती आजारी होती, इतकंच. तिने हिंमत कमी केली म्हणून ती गेली असं तुझ्या मनात आहे का? मग उद्या मी गेले तर माझ्या नावापुढेही तू तेच छापशील.

मला भीती वाटते. हे मी नवऱ्याला सांगितलं, आता तुला सांगते आहे. भ्यालेली बहीण तुला चालणार असेल तर येळवसला ये. घोड्यावरचीच पाहिजे असेल तर ती फ्लेक्सवर आहेच, तिला घेऊन नांदेडातच बस.

रागाने लिहिलं, तरी माया तेवढीच समजावी.

तुझी,
रुद्राणी


नांदेड,
९ डिसेंबर

ती. आत्याबाईंस अंजूचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही कळवलेलं वाचलं आणि मी कॉलेजच्या स्टाफरूममध्येच रडले. मग तुमचा पिनांचा प्रश्न आठवून हसू आलं, आणि शेजारच्या मॅडमनी मला पाणी आणून दिलं.

मामांजी तुमचं पत्र आल्यापासून बोलत नाहीत. पहिल्या दिवशी ह्यांना वाटलं, घसा बसला. त्यांनी हळदीचं दूध करून दिलं. मामांजी ते निमूट प्यायले, तेव्हा आम्ही खरे घाबरलो. काल एका निवृत्तीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन होतं. सत्कारमूर्ती मधुमेहाशी झुंज देत आहेत असं वाक्य कागदावर होतं. मामांजी त्या वाक्यापाशी थांबले. सभागृह वाट बघतंय, माईक घूं घूं करतोय. शेवटी म्हणाले की साहेबांना साखर आहे, ते गोळी घेतात, आणि जेवण तयार आहे. एवढी टाळी त्यांना आजवर पडली नव्हती.

फ्लेक्स घरी आलाय. दिवाणखान्यात मावत नाही, म्हणून घडी करून दिवाणाखाली आहे. घोड्याचं एक नाक बाहेर राहतं. रात्री मामांजी सासूबाईंच्या फोटोपुढे बसतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही. या घरात त्यांचं बोलणं ऐकू येत नाही, हे पहिल्यांदाच.

येळवसला मला परीक्षेची ड्यूटी आहे, येता येणार नाही. तेव्हा काय होईल ते मला लिहा, काही गाळू नका.

आपली,
अंजू


नांदेड,
१३ डिसेंबर

चि. रुद्राणी हीस आशीर्वाद.

हे माझं चौथं पत्र. पहिली तीन फाडली, कारण प्रत्येक ओळीत एक तरी लढाई निघाली. याच्यातही दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तिथे वाचू नकोस. हे शब्द काढले की मला आजाराबद्दल बोलताच येत नाही, असं लक्षात आलं. हरभऱ्याबद्दल लिहू का? यंदा हरभरा चांगला आहे.

कमलच्या दिवसाचा मजकूर नवा केलाय. तूच बघून दे: ‘कमलम्मा आजारी होत्या. आजारातही त्यांनी आम्हाला हसवलं. त्या गेल्या. फार आठवण येते.’ पेपरवाल्याने विचारलं की एवढंच का, जागा उरतेय. म्हटलं, उरू दे.

तिची हिंमत कमी पडली असं माझ्या मनात कधीच नव्हतं. पण तसं काही छापलं की वाटायचं, समोर कोणी तरी होतं आणि मी त्याला दोन शिव्या तरी दिल्या. समोर कोणीच नव्हतं, हे मला सहन होत नव्हतं.

येळवसला येतो. बोलणार काहीच नाही. बिंदगं भरून आंबिल मात्र ठेव.

बसवंतअण्णा


लातूर,
२० डिसेंबर

चि. सौ. अंजू हीस अनेक आशीर्वाद.

काही गाळू नका म्हणालीस, म्हणून अगदी पहिल्यापासून लिहिते.

आम्ही शेतात पोचलो तर तुझे सासरे आधीच बांधावर हजर. नवा सदरा, तोंड घट्ट मिटलेलं. मला बघितलं आणि नुसती मान हलवली. मी म्हटलं, हा काही बोलत नाही म्हणजे मीच गेले की काय? त्यावरही हसला नाही. फ्लेक्स गाडीतून निघाला तेव्हा मी ह्यांच्या मागे सरकले. पण अण्णाने तो कोपीपुढे जमिनीवर पालथा अंथरला. पांढरी बाजू वर, घोडा आणि तलवार मातीकडे. म्हणाला की एवढ्या पंगतीला सतरंजी पुरत नाही, आणि पैसे तर भरलेत.

पूजा झाली. ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ असा येळवसचा पुकारा करत ह्यांनी सगळ्या रानात आंबिल शिंपडली. पाहुणे येतच होते. एवढी माणसं बघून मी बांधाच्या पलीकडेच थांबले होते. कोण काय विचारील, रिपोर्टचं काय सांगू, काही सुचेना. तेवढ्यात अण्णा कोपीपुढे उभा राहिला. मला वाटलं, झालं! याचं मौन सुटलं! हलगीवाला सरसावला. अण्णाने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि स्टेशनवरच्या त्याच आवाजात सगळ्या शिवाराला पुकारून सांगितलं, की कृपया लक्ष द्यावे, लातूरची रुद्राणी शेतात आली आहे.

बस्स. जिंकून आली नाही, लढून आली नाही. आली आहे. अंजू, मला हुंदकाच फुटला. हलगीवाल्याला काही समजलं नाही, त्याने आपली वाजवायला सुरुवात केली. शिवकांताकाकू नाचल्या. मग कोणी मला काही विचारलंच नाही.

पंगतीला मी बरोबर फ्लेक्सवरच्या माझ्याच तोंडावर बसले. वाऱ्याने एक कोपरा उलटला, तर तलवार दिसली, आणि सगळ्या पंगतीला ती कथा सांगावी लागली. हसून हसून डोळ्यांतलं पाणी भज्जीत पडलं. त्या गोंधळात अण्णा माझ्या शेजारी सरकला. त्याला कुजबुजता येत नाही असं मी जन्मभर समजत होते. कानाशी येऊन इतक्या हळू म्हणाला, की रुद्रे, मलाबी लई भ्या वाटायलंय.

मी त्याचा हात धरला. शेजारी शेजारी बसलो, दोन भित्री माणसं. मणक्यातला ठिपका आहे तिथेच आहे. सोमवारपासून नव्या गोळ्या सुरू. अण्णा दवाखान्यात सोबत येणार आहे. मग त्याने विचारलं की आणखी काही पाहिजे का. बाजरीचे वाफवलेले उंडे लांबच्या टोकाला होते. मी दुसरा हात उंच केला आणि वाढप्याला हाक मारली.

अशीच माया राहू दे, आणि सासऱ्यांच्या दुधात हळद जरा कमी घालायला शिवांशला सांग.

तुझी,
रुद्राणीआत्या